शेजारचं जनुकही तपासायला हवं

आरएनए हस्तक्षेपावरचा (दुहेरी आरएनए वापरून जनुक गप्प करण्याच्या तंत्रावरचा) तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘आरएनए हस्तक्षेपाने फळमाशीतलं हवं ते एकच जनुक बंद करता येतं’ हे वाक्य मला खटकलं. फळमाशीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा जनुकसंच, दाटीवाटीचा आहे. कित्येकदा डीएनएच्या समोरासमोरच्या धाग्यांवरची दोन जनुकं आपापल्या शेवटच्या टोकाकडे एकमेकांवर चढलेली असतात. नेमका तोच सामायिक तुकडा घेऊन लांब दुहेरी आरएनए बनवला, तर डायसर-२ हे कापणारं प्रथिन त्याचे साधारण २१ अक्षरांचे तुकडे करतं आणि त्यांत दोन्ही बाजूंचे धागे असतात. आर्गोनॉट-२ हे प्रथिन त्यांतला कुठलाही उचलू शकतं आणि त्याच्याशी जुळणारा एमआरएनए (जनुकाचा प्रथिन बनवण्याचा निरोप) कापतं. म्हणजे एकाला गप्प करायला जावं आणि दोघांचाही आवाज बसावा! मग समजा पंखात दोष दिसला, तर तो नक्की कुणामुळे, हे कसं सांगणार?

एका जनुकाच्या इन्ट्रॉनमध्ये (आरएनएतून नंतर काढून टाकल्या जाणाऱ्या भागात) दुसरं अख्खं जनुक बसलेलं असेल, तर मात्र चिंता कमी. यजमान, म्हणजे बाहेरच्या जनुकाचा इन्ट्रॉन केंद्रकातच कापून टाकला जातो, आणि आरएनए हस्तक्षेपाची कापाकापी मुख्यतः केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात चालते. शिवाय सूत्रकृमीसारखी नवे तुकडे बनवून परिणाम पुढे पसरवणारी यंत्रणा फळमाशीत नाही. त्यामुळे सामायिक भाग सोडून लक्ष्य निवडलं की शेजारी बहुतेक वाचतो.

तरीही दोन्ही जनुकांचा एमआरएनए मोजलाच पाहिजे. लक्ष्य-जनुकाची अक्षरं बदललेली, म्हणून हस्तक्षेपातून सुटणारी, पण तेच प्रथिन देणारी प्रत माशीत घालून दोष भरून निघतो का, हेही बघायला हवं. लेखात या पडताळणीवर एक परिच्छेद जरूर वाढवा.