एमआरआय आहे, मग गुडघा हाताने का तपासायचा?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खेळताना भाच्याचा गुडघा मुरगळला. डॉक्टरांनी त्याच दिवशी गुडघा काटकोनात वाकवून, नडगी पुढे ओढून पाहिली आणि ‘लिगामेंट ठीक आहे’ म्हणाले. पुढे एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारं गुडघ्यातलं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. मग ही ओढाओढ हवीच कशाला, सरळ एमआरआय का नको?

तुमचा राग रास्त आहे. पण जी तपासणी फसली ती अँटिरिअर ड्रॉवर टेस्ट, आणि ताज्या दुखापतीत ती बऱ्याचदा फसते. सुजलेला गुडघा 90 अंशांपर्यंत धड वाकत नाही. वाकलाच तर दुखण्यामुळे मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू आवळतात आणि नडगीला मागे धरून ठेवतात. शिवाय दोन हाडांमधल्या गादीचा (मेनिस्कसचा), आतल्या बाजूच्या, मागचा भाग दाराखालच्या पाचरीसारखा आड येतो. लिगामेंट तुटलेलं असूनही नडगी हलत नाही.

म्हणूनच गुडघ्याच्या तपासणीवरच्या माझ्या लेखात मी लॅकमन टेस्टवर एवढा भर दिला होता. 1976 मध्ये टॉर्ग आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली, तीही ड्रॉवर टेस्टच्या याच अडचणींवर बोट ठेवून. यात गुडघा फक्त 20 ते 30 अंश वाकवायचा. एका हाताने मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर घट्ट धरायचं, दुसऱ्या हाताने नडगी मागून धरून चटकन पुढे आणायची. ती किती पुढे आली याहून कशी थांबली याकडे माझं जास्त लक्ष असतं. शाबूत लिगामेंट ताणलं की नडगी एकदम अडते, हाताला तो अटकाव स्पष्ट कळतो. तुटलं असेल तर ती मऊपणे सरकत जाते, ठाम थांबा लागतच नाही. हे आधी चांगल्या गुडघ्यावर करायचं. काहींचे सांधे मुळातच सैल असतात, तुलना केल्याशिवाय कळणार कसं? आणि काय होणार हे कळलं की पेशंटही पाय सैल सोडतो.

ओढण्याआधी नुसतं बघणंही राहून जातं. दोन्ही गुडघे वाकवून बाजूने पाहिलं तर पीसीएल (नडगीला मागे सरकू न देणारं लिगामेंट) तुटलेल्या पायाची नडगी मागे खचलेली दिसते. ती पुढे ओढली की फक्त जागेवर येते, आणि एसीएल तुटल्याचा शिक्का बसतो!

एमआरआयला माझा विरोध नाही. गादी, कूर्चा, हाडाला आतून बसलेला मार यासाठी तो हवाच. पण त्यात गुडघा निश्चल पडलेला असतो. लिगामेंट अर्धवट तुटलं असेल तर उरलेले धागे सांधा धरून ठेवतात का, हे त्या चित्रावरून नीट ठरत नाही, ते हाताला कळतं. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर सर्जन गुडघा पुन्हा तपासतात तेही यासाठीच: स्नायू सैल पडतात आणि जाग्या पेशंटमध्ये हुकणारी पिव्हट शिफ्टसुद्धा (पाय वळवून गुडघा वाकवताना नडगी निसटून पुन्हा जागेवर येणं) स्पष्ट मिळते.

एका बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. पहिल्या दिवशी ‘ठीक आहे’ म्हणायला नको होतं. पाय वळताना आत ‘टक्’ झालं आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचल्याचा आणि एसीएल तुटल्याचा संशय घ्यायचाच, हाताला काही लागो न लागो. ‘आज नक्की सांगता येत नाही, सूज उतरली की आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासू’ हे खरं उत्तर होतं.

आता भाच्याला विचारा, चालताना वळलं किंवा जिना उतरताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो का? मध्येच अडकतो का? रिपोर्टबरोबर ही उत्तरंही सर्जनसमोर ठेवा आणि लॅकमन दोन्ही पायांवर करून बघायला सांगा. शस्त्रक्रिया की आधी व्यायाम, हे ठरवताना त्यांना एवढं सगळं लागेल.