‘क्वार्टरबॅक रुसला की भाव पडला’: हे गणित कुठे चुकतं

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, एखादा बडा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) ‘मला इथे खेळायचं नाही’ म्हणाला की एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: खेळाडूनेच पाठ फिरवल्यावर संघाच्या हातात काही उरत नाही. ड्राफ्टच्या आधी त्याला विकून मोकळं व्हावं. तो गेला की पगारही वाचतो. आणि बड्या क्वार्टरबॅकचा चालू भाव पहिल्या फेरीचे तीन पिक, त्याखाली उतरू नये.

पिक म्हणजे एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये कॉलेजचा नवा खेळाडू निवडायचा हक्क. हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत आला तो रोख व्यवहारात. इथल्या मोठ्या सौद्यांचं चलन पिक हेच. हातात काही नाही म्हणायचं आणि वर तीन पिक मागायचे, ही विधानं आपसातच भांडतात, पण ते सोडून देऊ.

‘हातात काही उरत नाही.’ करार उरतो. करारबद्ध अनुभवी खेळाडू सराव शिबिराला आला नाही तर लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2020 च्या सामूहिक करारानुसार दिवसाला 50,000 डॉलर दंड बसतो, आणि तो नंतर माफ करण्याची मुभा संघालाही नाही. सामने सुरू झाल्यावर गैरहजर राहिला तर पगार बंद. एप्रिल 2021 मध्ये, ड्राफ्टच्याच दिवशी, अ‍ॅरन रॉजर्सला ग्रीन बे सोडायचंय ही बातमी फुटली. ग्रीन बेने विकलं नाही. तो जुलैमध्ये शिबिरात हजर झाला आणि त्या मोसमाचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, ठरला.

संघाचा हात खरोखर दुबळा करते ती नाराजी नव्हे, तर करारातलं ‘नो-ट्रेड’ कलम. ते असेल तर कुठे जायचं हे खेळाडू ठरवतो आणि गिऱ्हाइकांची रांग आखडते. तरीही ह्यूस्टनच्या डेशॉन वॉटसनकडे हे कलम होतं, 2021 चा अख्खा मोसम तो खेळला नव्हता, आणि लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांचे 22 दिवाणी दावे (आरोप त्याने नाकारले होते) प्रलंबित होते. मार्च 2022 मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलँडकडून पहिल्या फेरीचे तीन पिक मिळालेच, कारण त्याच्यामागे एकाहून अधिक संघ लागले होते. गिऱ्हाइकं किती, यावर भाव ठरतो. खेळाडूचा मूड किती वाईट, यावर नाही.

‘ड्राफ्टच्या आधी विका.’ यावर 2011 चं कार्सन पामर प्रकरण बघा. जानेवारीत त्याने सिनसिनाटी सोडायची मागणी केली आणि न सोडल्यास निवृत्त होतो म्हणाला. मालक माइक ब्राउन ढिम्म. एप्रिलमध्ये त्यांनी दुसऱ्या फेरीत क्वार्टरबॅक अँडी डाल्टन घेतला आणि पामरला घरी बसू दिलं. 16 ऑक्टोबरला ओकलंडचा क्वार्टरबॅक जेसन कॅम्बेलचं गळपट्टीचं हाड मोडलं. 18 ऑक्टोबर ही व्यवहारांची शेवटची तारीख. अडला हरी! ओकलंडने 2012 चा पहिल्या फेरीचा पिक दिला आणि वर 2013 चा दुसऱ्या फेरीचा. नऊ महिने एकही सामना न खेळलेल्या 31 वर्षांच्या माणसासाठी.

अर्थात डाल्टन हाताशी नसता तर ब्राउनना इतकं ताणता आलं नसतं. विकणाऱ्याची खरी ताकद म्हणजे घरात तयार असलेला बदली खेळाडू.

‘पगार वाचतो.’ इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. साइनिंग बोनस खेळाडूला आधीच मिळालेला असतो, पण सॅलरी कॅपच्या (संघाच्या वार्षिक पगारखर्चाच्या कमाल मर्यादेच्या) हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर समान वाटला जातो. समजा बोनस 50 दशलक्ष डॉलर, पाच वर्षांचा करार, म्हणजे वर्षाला 10. दोन वर्षांनी खेळाडू दिला तर उरलेले 30 दशलक्ष त्याच वर्षाच्या कॅपवर एकदम कोसळतात. यालाच डेड मनी म्हणतात. 1 जूननंतर दिला तर या वर्षी 10 आणि पुढच्या वर्षी 20. पण तोवर ड्राफ्ट उरकलेला असतो, त्यामुळे बदल्यात पुढच्या वर्षांचेच पिक मिळतात. खेळाडूला मार्चमध्ये सोडून कागदोपत्री ‘1 जूननंतर’ दाखवायची सवलत करारमुक्तीला आहे, ट्रेडला नाही. 2021 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडे दिलेल्या मॅथ्यू स्टॅफर्डपायी डेट्रॉइटवर सुमारे 19 दशलक्ष डॉलरचा डेड मनी पडला, रसेल विल्सनपायी सिअ‍ॅटलवर 26, मॅट रायनपायी अटलांटावर 40.5.

याच रकमेची दुसरी बाजू विकणाऱ्याच्या कामी येते. बोनस जुन्या संघाने भरून ठेवलेला असल्याने नव्या संघाला खेळाडू स्वस्त पडतो. स्टॅफर्डच्या करारात पुढच्या दोन वर्षांचे मिळून 43 दशलक्षच उरले होते, आणि रॅम्सनी पिक मोजले ते या स्वस्ताईसाठीही.

‘चालू भाव तीन पिक.’ असा भाव नाही. मॅट रायनच्या बदल्यात मार्च 2022 मध्ये अटलांटाला तिसऱ्या फेरीचा एकच पिक मिळाला: वय छत्तीस, आणि अटलांटा वॉटसनच्या मागे धावल्याचं जगजाहीर. लमार जॅक्सनचं उदाहरण तर उलट्या टोकाचं. 2023 मध्ये त्याच्यावर नॉन-एक्सक्लुझिव्ह टॅग होता, म्हणजे दुसऱ्या संघाच्या ऑफरची बरोबरी त्याच्या बाल्टिमोरने केली नाही, तर पहिल्या फेरीचे दोन पिक देऊन तो संघ त्याला नेऊ शकत होता. ट्रेड मागितल्याचं त्याने स्वतः जाहीर केलं. 26 वर्षांचा माजी एमव्हीपी, आणि एकाही संघाने ऑफर दिली नाही. कारण घेणाऱ्याला दोनदा पैसे मोजावे लागतात: एकदा पिकमध्ये, एकदा करारात. वॉटसनला 230 दशलक्ष पूर्ण हमीसह मिळाल्यावर तसाच दुसरा करार करायला कोणी तयार नव्हतं, असं आमचं मत. शेवटी तो बाल्टिमोरलाच 260 दशलक्षांवर राहिला.

शिवाय ‘पहिल्या फेरीचा पिक’ ही एक वस्तू नाही. संघ अजूनही ज्याचा आधार घेतात त्या जुन्या, प्रत्येक पिकाला गुण देणाऱ्या जिमी जॉन्सन तक्त्यात पहिला पिक 3000 गुणांचा, सहावा 1600 चा, बत्तिसावा 590 चा. 2023 मध्ये रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सला गेला तेव्हा बातम्यांत ‘पहिल्या फेरीची अदलाबदल’ झळकली. प्रत्यक्षात ग्रीन बे 15 वरून 13 वर आलं: 1050 ऐवजी 1150, फरक 100 गुण, म्हणजे शंभराव्या पिकाइतका. खरा माल होता 42वा पिक (480 गुण) आणि 2024 चा सशर्त पिक. रॉजर्स संघाचे 65 टक्के स्नॅप, म्हणजे खेळी, खेळला तर पहिल्या फेरीचा, नाहीतर दुसऱ्या. 11 सप्टेंबर 2023 ला मोसमातल्या चौथ्याच स्नॅपला त्याचं टाचेमागचं अ‍ॅकिलीस फाटलं. पिक दुसऱ्या फेरीचाच राहिला.

सौद्याच्या दिवशी गुण मांडून निकाल लावणाऱ्यांनी स्टॅफर्डचा सौदा बघावा. जानेवारी 2021 मध्ये डेट्रॉइटला मिळालं ते असं: 2021 चा तिसऱ्या फेरीचा पिक, 2022 आणि 2023 चे पहिल्या फेरीचे, आणि रॅम्सचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ. गॉफचा करार हे ओझं, ते उचलण्यासाठीच जास्तीचा पिक मिळाला, असा तेव्हाचा सूर होता. रॅम्स पहिल्याच मोसमात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले आणि विजेत्याची पाळी शेवटी येते, म्हणून 2022 चा पिक घसरून 32वा झाला. पुढच्या वर्षी ते पाच विजय आणि बारा पराभवांवर आपटले आणि 2023 चा पिक सहावा निघाला. डेट्रॉइटने तो अ‍ॅरिझोनाला देऊन 12वा आणि 34वा घेतला. त्यांतून जामीर गिब्ज आणि सॅम लापोर्टा आले. आणि जानेवारी 2024 मध्ये प्लेऑफमध्ये स्टॅफर्डच्या रॅम्सना 24-23 ने घरी पाठवणाऱ्या डेट्रॉइटचा क्वार्टरबॅक होता तो ‘ओझं’ गॉफ.