मॉनिटर प्रोसेसरला मिडी कशाला? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार बाब, स्टेजच्या मॉनिटर प्रोसेसरला मिडी जोडण्याबद्दलच्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून वेगळंच लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॉनिटर म्हणजे नटांना ऐकू यावं म्हणून स्टेजवर त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर, प्रोसेसर म्हणजे त्यांचा आवाज जुळवणारं रॅकमधलं मशीन, मिडी म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला हुकूम पाठवायची पद्धत, आणि प्रीसेट म्हणजे मशीनमध्ये साठवलेलं सेटिंग. प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं की मिडी ही ऐंशीच्या दशकातली कीबोर्डवाल्यांची गोष्ट आहे, आज टॅबलेट घेऊन वायफायवर सगळं होतं मग रॅकमधल्या जुन्या प्रोसेसरला पाच पिनची केबल कशाला. दुसरं, मिडी स्लो आहे. तिसरं, यांनी एकदा लावून बघितली तेव्हा मॉनिटरमध्ये हम (सततची घूं) आली. आणि सगळ्यात मोठा आक्षेप म्हणजे स्टेजचा आवाज कानाने करायचा असतो, साठवलेल्या प्रीसेटने नाही, आणि मी असलं लिहून गावच्या नाट्यमंडळांच्या पोरांना चुकीची सवय लावतोय.

शेवटच्यापासून सुरू करतो कारण तो आक्षेप मला खरंच महत्त्वाचा वाटतो. आवाज कानानेच करायचा, याबद्दल आपल्यात वाद नाहीच. प्रीसेटमध्ये काय असतं? तुम्ही दुपारी स्टेजवर उभं राहून एकेक माईक हळूहळू वर करत, शिट्टी (फीडबॅक) कुठे येते ते शोधून, ती फ्रिक्वेन्सी दाबून जे केलं तेच असतं. कानाने केलेलं काम रात्री अंधारात, गडबडीत जसंच्या तसं परत मिळावं एवढ्यासाठी ते साठवायचं. आता तुमच्या बाजूचाही एक मुद्दा आहे जो तुम्ही लिहिला नाहीत, तो मीच लिहितो. दुपारी ३४ अंशात केलेलं सेटिंग रात्री २५ अंशाला तसंच लागू पडत नाही. हवेतला आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो, एवढ्या फरकाला साधारण दीड टक्का, म्हणजे २५०० हर्ट्झला येणारी शिट्टी चाळीसेक हर्ट्झ सरकू शकते, आणि तुम्ही तिथे अगदी सुईसारखा अरुंद नॉच (एकच फ्रिक्वेन्सी दाबणारा फिल्टर) लावला असेल तर तो बाजूलाच राहतो आणि शिट्टी परत येते. म्हणून नॉच जरा रुंद ठेवायचे, आणि गेल्या वर्षीच्या जत्रेचा प्रीसेट फक्त सुरुवात म्हणून घ्यायचा, त्याच्यावर परत कान लावायचेच.

पण मग प्रीसेट बदलायची गरज कुठे पडते? तुम्ही बहुतेक ऑर्केस्ट्रा जास्त करता असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं, तिथे एक मॉनिटर मिक्स रात्रभर चालून जातो. आपल्याकडे गोव्यात फोंडा भागात देवळाच्या प्रांगणात संगीत नाटक करायचं तर गोष्ट वेगळी आहे. विंगेत ऑर्गन आणि तबला, नटांसाठी वर टांगलेले माईक आणि पुढे फूटमाईक, आणि नट काही हातात माईक धरून गात नाही, तो माईकपासून चार-पाच फूट लांब असतो. नाट्यपद सुरू झालं की त्याला वेजमधून (समोर जमिनीवर ठेवलेल्या मॉनिटरमधून) ऑर्गन स्पष्ट पाहिजे नाहीतर सूर हलतो. पद संपून गद्य सुरू झालं, स्टेजवर सहा पात्रं आली, सगळे माईक उघडे, आणि वेजमध्ये ऑर्गनची लाईन तशीच वर राहिली की तो सगळा आवाज माईकमधून परत प्रेक्षकांकडे जातो. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधी मिळणारी जागा (म्हणजे आवाज किती वाढवता येतो ते) ३ डेसिबलने कमी होते, एकाचे चार माईक झाले की ६ डेसिबल गेलेच. म्हणजे पदाला एक सेटिंग, गद्याला दुसरं, आणि हे एका रात्रीत कितीतरी वेळा बदलायचं, तेही मिक्सरवर एकच माणूस बसलेला असताना ज्याला पुढचा आवाज पण सांभाळायचाय. दोन इनपुट आणि चार आउटपुटच्या प्रोसेसरमध्ये एका इनपुटला ऑर्गन-तबल्याचा ऑक्स (मिक्सरमधून वेगळी निघणारी लाईन), दुसऱ्याला आवाजाचा ऑक्स दिला, की कुठल्या वेजला काय किती जाणार ते सगळं प्रीसेटमध्येच बसतं. एक प्रोग्राम चेंज (अमुक नंबरचा प्रीसेट लाव असा मिडी मेसेज) पाठवला की काम झालं.

पाठवणार कोण, तर पायाने दाबायचा छोटा मिडी कंट्रोलर, किंवा लॅपटॉपवर पार्श्वसंगीताचे क्यू (ठरलेल्या जागी वाजवायचे तुकडे) चालवणारं सॉफ्टवेअर, ज्याच्यात त्याच क्यूला मिडी मेसेज जोडता येतो. मला पायाचा कंट्रोलर आवडतो. नट कधी पद आवरतं घेतो, कधी वन्समोअर येतो, ते बघणारा माणूसच हवा तिथे.

आता वायफाय. तालमीत मी पण टॅबलेट वापरतो आणि स्टेजवर नटाच्या जागी उभं राहून मॉनिटर करायला त्याच्यासारखं सोयीचं काही नाही. पण जत्रेच्या रात्री आवारात हजारो मोबाईल, त्यात फेरीतल्या (जत्रेच्या बाजारातल्या) दुकानदारांचे हॉटस्पॉट, आणि २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल फक्त तीन, १, ६ आणि ११. टॅबलेट नेमका पदाच्या तोंडाला तुटला तर काय करणार? केबल तुटत नाही असं मी म्हणत नाही, पण तुटलेली केबल शोधता येते. आणि दुसरी गोष्ट पैशाची आहे. खूप मंडळांकडे कुणीतरी दिलेला नाहीतर सेकंडहँड घेतलेला रॅक प्रोसेसर पडून आहे, आवाजाला उत्तम, मागे मिडीचे सॉकेट, नेटवर्कचं काहीच नाही. तो टाकून नवीन डिजिटल मिक्सर घ्या असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

स्लो म्हणालात त्याचा हिशोब करून बघू. मिडीचा स्पीड सेकंदाला ३१,२५० बिट, एका बाइटला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट, म्हणजे एक बाइट ३२० मायक्रोसेकंदात जाते. प्रोग्राम चेंज दोन बाइटचा असतो, पाऊण मिलिसेकंद पण लागत नाही. बँक सिलेक्टचे (प्रीसेटचा गट निवडायचे) दोन मेसेज आधी पाठवले तरी एकूण आठ बाइट, अडीच मिलिसेकंदांच्या आसपास. वेजमधून निघालेला आवाज नटाच्या कानापर्यंत पोचायला याच्या दुप्पट वेळ घेतो. तुम्हाला जो उशीर जाणवला तो केबलमधला नाही, प्रोसेसर नवीन प्रीसेट लोड करताना क्षणभर आउटपुट म्यूट करतो त्याचा आहे. क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगवेगळ्या स्पीकरला वाटणारा भाग) किंवा डिले बदलणारे प्रीसेट असले की बऱ्याच मशीनमध्ये हा म्यूट लांबतो. म्हणून पदाचा आणि गद्याचा प्रीसेट एकाच मूळ प्रीसेटची कॉपी करून बनवा, लेव्हल आणि इक्यूच फक्त बदला, लिमिटर (आवाज ठराविक मर्यादेवर अडवणारा भाग) दोन्हीत सारखाच ठेवा, आणि बदल नेहमी श्वासाच्या जागेला करा, तानेच्या मध्ये नाही.

एक मात्र खरं, मिडीने फेडर (लेव्हलची सरकपट्टी) चालवू नका. कंट्रोल चेंजला (लेव्हलसारखी किंमत बदलणाऱ्या मिडी मेसेजला) ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या असतात आणि काही मशीनवर लेव्हल हळू वर नेताना त्या पायऱ्या कानाला कळतात. ते काम हाताचंच.

हमबद्दल. मिडी इनला आत ऑप्टो-आयसोलेटर असतो. म्हणजे येणारा ५ मिलिअँपचा करंट आत एक एलईडी पेटवतो आणि समोरचा सेन्सर तो उजेड वाचतो, दोन मशीनच्या मध्ये विजेचा थेट जोडच नसतो. शील्ड पिन २ ला, तीसुद्धा फक्त आउट आणि थ्रूच्या (आलेला मेसेज पुढे देणाऱ्या सॉकेटच्या) बाजूला ग्राउंडला जोडायची, इनच्या बाजूला नाही. त्यामुळे नीट बनवलेल्या मशीनमध्ये मिडी केबलमधून ग्राउंड लूप (दोन मशीनच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट, ज्याने हम येते) होत नाही. तुमच्याकडे लॅपटॉप होता असं लिहिलंय, मग माझा संशय चार्जरवर आहे, कारण लॅपटॉपचा ऑडिओ पण मिक्सरला जात असणार. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, हम गेली तर ऑडिओच्या लाईनला ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (दोन बाजूंचा विजेचा जोड तोडणारा डबा) लावा. गेली नाही तर मिडी केबल काढून बघा, तेव्हा गेली तर कुणीतरी केबलमध्ये किंवा स्वस्तातल्या इंटरफेसमध्ये (लॅपटॉपला मिडी जोडणाऱ्या डब्यात) शील्ड दोन्हीकडे जोडलीय. आणि कृपा करून हम घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कुणी काढू नका, देवळाच्या आवारात पावसात भिजलेल्या जमिनीवर अनवाणी नट उभे असतात.

केबल १५ मीटरच्या वर नेऊ नका. मिक्सर लांब असेल तर प्रोसेसर आणि पायाचा कंट्रोलर दोन्ही स्टेजच्या बाजूलाच ठेवा.

मागच्या लेखात एक गोष्ट ओझरती आली होती ती इथे नीट सांगतो कारण गोंधळ इथेच जास्त होतो. बहुतेक मशीनवर मिडी रिसीव्ह चॅनल ओम्नी म्हणजे सोळाही चॅनल ऐकणारा ठेवता येतो, आणि तसाच राहिला आणि त्याच मिडी केबलींच्या साखळीत कीबोर्डवाला असला तर त्याने बासरीचा आवाज घ्यायला प्रोग्राम बदलला की तुमच्या मॉनिटरचा प्रीसेट पण बदलतो. चालू पदात. प्रोसेसर चॅनल १६ वर टाका, ओम्नी बंद, आणि शक्य तर कीबोर्डची आणि तुमची साखळीच वेगळी ठेवा. नंबरचा घोळ पण असतो, केबलमधून ० ते १२७ जातात आणि खूप मशीन स्क्रीनवर १ ते १२८ दाखवतात, म्हणून कंट्रोलरवर ५ दाबलं आणि ६ लागला असं झालं तर मशीन बिघडलेलं नाही. पहिल्या जागेवर नेहमी एक साधा प्रीसेट ठेवा, सगळं फ्लॅट, खालचं ८० हर्ट्झपासून कापलेलं, लेव्हल कमी. घोळ झाला की पाय तिथे जायला हवा.

आता ज्याच्यासाठी मी मिडीची बाजू एवढी लावून धरतो ते. बॅकअप. प्रीसेट बदलायला मिडी नसली तरी एकवेळ चालेल, पण जुन्या प्रोसेसरच्या पोटातली सेटिंग बाहेर काढायला बहुतेक वेळा तीच एक वाट असते. खूप जुन्या मशीनमध्ये मेमरी ३ व्होल्टच्या नाणेसेलवर टिकते, तो सेल उतरला की एका सकाळी सगळे प्रीसेट कोरे. फ्लॅशवाल्या मशीनला सेलची भीती नाही पण विजेची आहे. जत्रेच्या तात्पुरत्या थ्री-फेज कनेक्शनमध्ये न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकतं, त्यात पॉवर सप्लाय गेला तर दुसरं तसंच मशीन मिळेलही, पण आतली मेहनत कुठून आणणार.

तर करायचं असं. मशीनचा मिडी आउट इंटरफेसच्या इनला जोडा. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर सिसेक्स लायब्रेरियन, दोन्ही फुकट आहेत. आधी सॉफ्टवेअर रिसीव्हवर ठेवा, मग मशीनच्या युटिलिटी मेनूतून बल्क डम्प (सगळी मेमरी एकदम बाहेर) पाठवा. १०० किलोबाइट असेल तर ३३ सेकंद लागतील, मध्ये हात लावू नका. फाईलची सुरुवात एफ-झीरोने आणि शेवट एफ-सेव्हनने झाला पाहिजे. लगेच परत एकदा डम्प घ्या आणि दोन्ही फाईली ताडून बघा, साईज वेगळा आला तर इंटरफेस बाइट खातोय. स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबली नोट्स वाजवायला चालतात पण मोठा सिसेक्स (मशीनचा स्वतःचा डेटा नेणारा मिडी मेसेज) आला की त्यांचा बफर भरतो, हे खूपदा बघितलंय. परत भरताना मेमरी प्रोटेक्ट बंद करा, डिव्हाईस आयडी तोच ठेवा, आणि मशीन अडखळत असेल तर दोन ब्लॉकच्या मध्ये थोडा डिले द्या. फाईलच्या नावात तारीख, गाव आणि फर्मवेअरचा (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) नंबर घाला, कारण जुन्या फर्मवेअरचा डम्प नवीन फर्मवेअर घेईलच असं नाही. आणि परत भरून बघितलेला नाही तो बॅकअप धरू नका. हे नाटकाच्या दिवशी नाही, निवांत दिवशी करायचं.

सेल बदलायचा तर आधी डम्प, मगच झाकण. २.७ व्होल्टच्या खाली गेला की मी बदलूनच टाकतो. काही मशीनमध्ये तो सोल्डर केलेला असतो, आत मेन्सची वायर असते, हात बसला नसेल तर कारागिराकडे द्या.

पावसाळ्याचं तर आपल्याला वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर रॅक खोलीत बंद राहिला की डीआयएन सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात, किनारपट्टीला त्यात खारी हवा. आठवड्याला तासभर मशीन चालू ठेवा, आतल्या उबेने ओल निघते. रॅकमध्ये सिलिका जेल, सॉकेटला कॉन्टॅक्ट क्लीनर, गंजाचा स्प्रे नको, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. चतुर्थीच्या आधी एकदा सगळ्या केबली मीटरवर ४ आणि ५ पिन धरून तपासून घ्या, मिडी या दोनच पिनांवर चालते.

तुमच्या प्रोसेसरचं मॉडेल आणि स्क्रीनवर दिसणारा फर्मवेअर नंबर इथेच खाली टाका. सिसेक्सचा मेनू प्रत्येक मशीनवर वेगळ्या जागी असतो, मॅन्युअल बघून नेमकी बटणं कुठली ते लिहून देतो. आणि ती हम चार्जर काढल्यावर गेली की राहिली ते पण कळवा.