कटिंग आणि कच्चं तेल

माझ्या डोक्यावर आता ऐवज फारसा उरलेला नाही. कानांच्या वर दोन पट्टे आणि मागे एक झालर. तरी 2022 च्या एप्रिलमध्ये आमच्या सलूनवाल्याने सत्तरचे ऐंशी मागितले.

"सर, तेल वाढायलंय ना."

"कोणतं? डोक्याला लावायचं?"

"पेट्रोल, सर."

कात्री पेट्रोलवर चालत नाही, इतपत विज्ञान मी शाळेत शिकवतो. पण खुर्चीत बसून, गळ्यात कापड बांधून घेतल्यावर माणसाने विज्ञान काढू नये.

तसं तेल वाढत होतं हे खरं. पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत साडेचार महिने पंपावरचे आकडे ध्यानस्थ होते. 22 मार्चला त्यांची समाधी उतरली आणि रोजचे ऐंशी-ऐंशी पैसे करत सोळा दिवसांत लिटरमागे दहा रुपये चढले. मुंबईत पेट्रोल 120 रुपये 51 पैशांवर पोचलं. आम्ही परभणीकर त्याच्याही वर. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणतात ते उगीच नाही! आमच्याकडे पेट्रोल मनमाडच्या डेपोतून येतं, 300 किलोमीटरच्या पुढून, टँकरने. टँकरला डिझेल लागतं. म्हणजे तेल आणायला तेल लागतं म्हणून तेल महाग. हे वाक्य मी वर्गात सांगितलं तर मुलं म्हणतील, सर, आज घरी जा.

सलूनवाला एकटा असता तर सोसलं असतं. दूधवाला सायकलवर येतो. तोही लिटरला चार रुपये वाढवून मोकळा.

"अहो मामा, सायकलला कुठलं पेट्रोल?"

"सायकलला नाही, म्हशीला लागतं. सरकी ट्रकनंच येती ना?"

भाजीवालीची कोथिंबीर छोट्या हत्तीतून येते, इस्त्रीवाल्याचा कोळसा कुठून तरी येतोच. किराणा दुकानात तर वेगळंच तेल पेटलेलं. सूर्यफूल तेल आपल्याकडे मुख्यतः युक्रेनमधून यायचं. तिथे लढाई आणि इथे आमच्या फोडणीत मोहरी कोरडी तडतडते. बायकोने पळी कपाटात ठेवली आणि चहाचा चमचा काढला. त्यानेही ती तेल असं सोडायची की डोळ्यांत औषध घालावं. शेवटचा थेंब सुटत नाही तोवर चमचा कढईवर धरून उभी. गॅस चालूच! गॅसही महागलाय, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

यात प्रत्येकाला आपलं ओझं सरकवायला पुढचा माणूस आहे. ट्रकवाला पेंडवाल्याकडे, पेंडवाला दूधवाल्याकडे, दूधवाला माझ्याकडे. मी कुणाकडे सरकवणार? "तेल वाढलंय, म्हणून प्रकाशाचं परावर्तन आता एक तासिका जास्त," असं म्हणू?

शेवटी सलूनमध्येच मी बुद्धिवादाचा आश्रय घेतला.

"हे बघ, 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा सौदा शून्याच्याही खाली गेला होता. बॅरल न्या आणि वरून पैसेही घ्या. तेव्हा तू कटिंगचे किती कमी केलेस?"

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तेव्हा दुकान बंद होतं, सर. लॉकडाऊन."

मी ऐंशी दिले.

मग मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क आठ रुपयांनी उतरवलं. जुलैत राज्याने व्हॅटमधले पाच रुपये कमी केले. माझी छाती फुगली. पेपरचं ते पान मी घडी करून खिशात ठेवलं आणि केस वाढायची वाट पाहू लागलो, ज्याला माझ्या बाबतीत वेळ लागतो. महिनाअखेरीला खुर्चीत बसल्याबरोबर पान त्याच्या हातात दिलं.

त्याने ते शांतपणे वाचलं. दोनदा वाचलं. मग त्याच पानाने वस्तऱ्यावरचा फेस पुसला.

"पण सर, 18 तारखेपासून पाकिटातल्या दह्यावर जीएसटी लागला ना. पाच टक्के."

"दह्याचा आणि कटिंगचा काय संबंध?"

"मी जेवतो ना, सर," तो म्हणाला. "मान खाली घ्या."

वस्तरा मानेवर आलेला होता. मी मान खाली घेतली.