डॉक्टर घरी असतात

मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही डॉक्टरांच्या बायका एका टेबलाशी जमलो की गाऱ्हाणं ठरलेलं: नवरा घरी नसतो. कुणाचा हार्टवाला, कुणाचा हाडांचा, एकीचा तर म्हणे मुलाच्या मुंजीत मातृभोजनाच्या वेळी पार्किंगमध्ये फोनवर होता. मग सगळ्या माझ्याकडे वळतात. "तुझं बरं आहे बाई, तुझा व्हीएमध्ये." मी गप्प बटाटावडा खाते. माझा घरी असतो, हेच तर माझं दुखणं आहे.

व्हीए म्हणजे अमेरिकन सरकारने माजी सैनिकांसाठी चालवलेली इस्पितळं. तिथला सर्जन पगारी नोकर. दहा हर्निया केले काय नि दोन केले काय, पंधरवड्याचा पगार तेवढाच. त्यातून आमच्या मिलवॉकीत अपघात, गोळीबार वगैरे बहुतेक दुसऱ्या इस्पितळातल्या ट्रॉमा सेंटरला जातात. वर सरकारी सुट्ट्या ११. ऑक्टोबरात कोलंबसाच्या नावाने जी सुट्टी असते, ती खाजगीवाल्यांच्या गावीही नसते. तो माणूस भारताचा रस्ता शोधायला निघाला आणि चुकला, आणि त्याचं खापर दर ऑक्टोबरात माझ्या डोक्यावर फुटतं. कारण सुट्टी म्हणजे छंद.

आता छंद काय, पुरुषांना असतातच. माझे वडील पोस्टाची तिकिटं जमवायचे. ते कपाट उघडायचे, बघायचे, बंद करायचे. आईला त्याचा काडीचा त्रास नव्हता. पण माझा नवरा कुटुंबवत्सल आहे. त्याला एकट्याने मजा करवत नाही. लग्न ठरताना माझ्या मावशीने "मुलगा घरादाराला धरून आहे हो" असं कौतुकाने सांगितलं होतं, ते आता कळतंय. त्याने धरलेलं घरदार सुटत नाही.

हे छंद येतात कुठून, तर ओपीडीतून. तिथे येणारे बहुतेक सत्तरी ओलांडलेले, व्हिएतनामच्या वेळचे. युद्धाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पोटावर हात ठेवून "डॉक, इथे जरा फुगतंय" एवढं सांगतात आणि उरलेला वेळ तळ्यात पकडलेला मासा किती इंची होता यावर बोलतात. नवरा ऐकत बसतो. दुसरा सर्जन असता तर घड्याळाकडे बघितलं असतं.

सरकारी नोकराने काय घ्यावं, याचे नियम मात्र कडक. एका वेळी २० डॉलरपर्यंतची भेट चालते, तीही एका माणसाकडून वर्षाला ५० डॉलरच्या वर नाही. कुणी परसातल्या झुकिनीची पिशवी आणली तरी आमचा हा संध्याकाळी दुकानात जाऊन झुकिनीचा भाव बघून येतो. नियम करणाऱ्याने एवढा विचार केला, पण छंदाचा केला नाही. छंदाला वजन नाही, पावती नाही. तो पेशंटच्या डोक्यातून निघतो, डॉक्टरच्या डोक्यात शिरतो आणि पाच वाजता गॅरेजचं दार उघडून माझ्या घरात येतो.

अशीच टोमॅटोची रोपं आली. मग बेसबॉलचा स्कोअर पेन्सिलीने लिहिणं आलं. स्टेडियम इस्पितळाला अगदी लागून. १९५३ साली तिथे पहिलं स्टेडियम उघडलं, तेव्हा आवारातल्या टेकडीवर बसून पेशंट फुकट मॅच बघायचे, हे कुणीतरी त्याला सांगितलं. फुकट हा शब्द कानावर पडल्यावर मूळचा देवगडचा माणूस थांबतो होय? दोन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर मीठ-लोणच्याच्या जागी स्कोअरबुक होतं.

पण या सगळ्यावर कडी केली बर्फातल्या मासेमारीने.

हर्निया झालेल्या एका नौदलातल्या आजोबांनी टाके काढून घेताना त्याला सांगितलं की मासेमारीच्या गाठींमध्ये एक 'सर्जन्स नॉट' असते. झालं! नायलॉनचा दोरा आणि तो यांची जन्माची ओळख. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक ड्रॉवरच्या मुठीला गाठी होत्या. चहाचा डबा काढायला मला कात्री लागायची.

फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेची सुट्टी आली. पहाटे गाडीत बसायच्या आधी त्याने आम्हाला ड्राइव्हवेवर उभं केलं. ऑपरेशनपूर्वी सगळी टीम थांबून पेशंट कोण, कुठली बाजू, काय करायचंय हे मोठ्याने म्हणते, त्याला टाइम-आउट म्हणतात. फार चांगली पद्धत आहे, चुकीच्या बाजूचं ऑपरेशन टळतं. पण उणे पंधरा सेल्सिअसमध्ये?

"कुठे चाललोय?"

"तळ्यावर," मुलगा म्हणाला.

"कुणाला कसली ॲलर्जी?"

"थंडीची," मी म्हणाले. त्याची नोंद झाली नाही.

तळं गोठून पटांगण झालेलं. त्याने ऑगरने म्हणजे हातभर लांबीच्या गिरमिटाने भोकं पाडली, झाऱ्याने बर्फाचा चुरा काढला (झारा माझा, बुंदीचा), गळ सोडले आणि आम्ही बादल्या पालथ्या घालून बसलो. विस्कॉन्सिनात माणशी तीन गळ चालतात. तिघांचे नऊ. मी थर्मासमधला चहा ओतला, तर कप तोंडाशी नेईपर्यंत आल्याचा वास गेला आणि मिशी असलेल्यांच्या मिशीला बर्फ लागला. देवगडला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी बराच वेळ निरखून बघितलं.

"मासो होयो तर बाजारात जा मां," त्या लेकाला म्हणाल्या. "बर्फात भोकां कित्याक पाडतंस?"

तेवढ्यात त्याने एक ब्लूगिल वर काढला आणि अभिमानाने कॅमेऱ्यासमोर धरला. तळहाताएवढा. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे मांजार बघूचा नाय ह्येच्याकडे."

दुपारी निघायची वेळ झाली. त्याने गळ मोजले. आठ. पुन्हा मोजले. आठच.

सर्जनच्या बायकांना सांगायला नको. पोट शिवण्याआधी बोळे, सुया, चिमटे सगळं मोजतात, आणि काउंट जुळला नाही की शोधाशोध. तरी नाहीच मिळालं तर थेट एक्स-रे. तळ्याचा एक्स-रे काढता येत नाही, याचं त्याला खरोखर वाईट वाटलेलं मी पाहिलं. आम्ही बर्फावर रांगत होतो. शेजारच्या तंबूतले दोघे टॉर्च घेऊन मदतीला आले. त्यांना वाटलं, अंगठी हरवली. शेवटी गळ मुलाला सापडला, माझ्या कानटोपीच्या गोंड्यात. "काउंट करेक्ट," नवरा समाधानाने म्हणाला आणि तोच गळ माझ्या टोपीतून इतक्या हळुवारपणे सोडवला की एक धागा तुटला नाही. हात चांगला आहे त्याचा, ते नाकारून चालणार नाही.

ते ब्लूगिल मी आगळ, हळद, तिखट लावून रव्यात तळले. मांजरांनी काहीही म्हणो, फस्त झाले. पुढच्यांदा मिळाले तेव्हा त्याने आजोबांसाठी न्यायचं ठरवलं. डॉक्टरने पेशंटला किती किमतीची भेट द्यावी, हे नियमात शोधलं; सापडलं नाही, म्हणून जपून चारच तुकडे नेले.

आजोबा खूश झाले. आगळ कुठे मिळतं विचारलं, मग तिरफळं, मग म्हणे खोबरं खवायला खास अवजार असतं का? नवऱ्याने कागदावर विळीचं चित्र काढून दिलं. परवाच्या तपासणीला आजोबा आले, तर त्यांनी गॅरेजमध्ये स्वतःच विळी तयार केली होती. पातं जुन्या करवतीचं. मोबाइलवर फोटो दाखवले. सोबत त्यांची बायको होती, ती पूर्ण वेळ गप्प होती. निघताना मात्र ती दारातून मागे वळली.

"डॉक्टर, तुमच्या मिसेसना माझा एक निरोप सांगा. माझ्या नवऱ्याला तुम्ही आता आणखी काही शिकवू नका, एवढं त्यांनी बघावं."