दाराबाहेर थांबलेली सिमोन वेय

गोव्यातल्या साखळी गावी, विठ्ठल मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा कट्टा आहे. आषाढीनंतरच्या आठवड्यात तिथे सिमोन वेय या फ्रेंच तत्त्वचिंतक स्त्रीवरून वाद झाला, आणि त्याला कारण मीच होतो. माझ्या आध्यात्मिक विचाराला खरे वळण तिने लावले, असे मी म्हणताच नुकताच पायी वारी करून आलेला मित्र दुखावला. "ज्ञानदेवांना ताटी उघडायला लावणारी मुक्ताबाई तुला पुरली नाही का रे?" असे त्याने विचारले.

मी म्हटले, मुक्ताबाई मला लहानपणापासून पाठ होती आणि पाठ होती म्हणूनच मी तिच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते. संपूर्ण, निर्भेळ अवधान हीच प्रार्थना, हा सिमोनचा विचार वाचेपर्यंत मी माळेचे मणी मोजण्यालाच साधना समजत होतो. आईच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी बसून मी जप करत असे, पण ती कूस बदलताना कण्हते आहे याकडे माझे लक्ष नसे. शेजाऱ्यावर प्रेम करणे म्हणजे 'तुला काय होते आहे?' असे त्याला विचारता येणे, असे सिमोन सांगते. ते वाचल्यावर मी माळ बाजूला ठेवली आणि आईला तो प्रश्न विचारला. त्यानंतरच्या काही दिवसांत ती जे बोलली, ते एरवी माझ्या कानांवर कधीच आले नसते.

यावर वारकरी मित्र गप्प झाला, पण गणिताचे निवृत्त मास्तर बोलू लागले. सिमोनचा भाऊ आंद्रे वेय हा थोर गणितज्ञ आणि तो काही काळ अलीगढला शिकवत होता, एवढे त्यांना ठाऊक होते. "तत्त्वज्ञान शिकवणारी बाई १९३४-३५ मध्ये कारखान्यात राबली, हे मोठेच आहे, पण तिला परतीची वाट उघडी होती, शेजारच्या यंत्रावरच्या बाईला ती नव्हती," असे ते म्हणाले. मी त्यांना त्यानंतरची गोष्ट सांगितली. त्या वर्षाने खचलेल्या सिमोनला आईवडिलांनी पोर्तुगालला नेले. तिथे एका गरीब मच्छीमार गावात, जत्रेच्या रात्री, कोळ्यांच्या बायका मेणबत्त्या घेऊन होड्यांभोवती फिरत अत्यंत करुण अशी जुनी गीते गात होत्या, आणि ख्रिस्ती धर्म हा मुळात गुलामांचा धर्म आहे व आपणही त्या गुलामांपैकीच आहोत, अशी तिची तिथे खात्री पटली. पोर्तुगाल म्हटले की गोव्यातल्या आम्हा माणसांना आधी सत्ता आठवते. तिला त्याच देशात सत्तेखाली दबलेली माणसे दिसली, हे मला फार मोलाचे वाटते.

एवढी ख्रिस्ताकडे ओढली जाऊनही ती कित्येक वर्षे बाप्तिस्मा न घेता चर्चच्या दाराबाहेर राहिली. चर्चबाहेर राहिलेल्या असंख्य माणसांपासून आपण वेगळे व्हावे, हे तिला मान्य नव्हते. आणि गीता वाचून, संस्कृत शिकून तिला जे सत्य दिसले होते, तेही तिला बाहेर टाकायचे नव्हते. हे सांगताना मी भरात बोलून गेलो, "चोखोबाही असाच दाराबाहेर उभा होता."

वारकरी मित्राने मला तिथेच थांबवले. महाद्वारासमोरच्या चोखोबाच्या समाधीवर तो आठ दिवसांपूर्वीच डोके टेकवून आला होता. "तो उभा नव्हता, त्याला उभे केले होते. तिच्यासाठी दार उघडे होते आणि ती आत गेली नाही. ह्याला आत यायचे होते आणि दार बंद होते. दोघांचे बाहेर असणे तू एका शब्दात बसवू नकोस."

त्याचे म्हणणे खरे होते आणि मी ते लगेच मान्य केले. सिमोनवरची माझी श्रद्धा त्याने कमी झाली नाही, पण मी तिला चोखोबाच्या शेजारी नेऊन बसवले, हे तिलाही रुचले नसते असे मला वाटते. १९४३ मध्ये, क्षयाने आजारी असताना, पुरेसे अन्न न घेता ती इंग्लंडमध्ये ३४व्या वर्षी गेली. जर्मनीने व्यापलेल्या फ्रान्समधल्या माणसांना मिळते त्याहून अधिक खायला तिचे मन घेत नव्हते. त्या मरणाला मास्तर हट्ट म्हणाले. मी त्यांना विरोध केला नाही आणि होकारही दिला नाही, कारण माझे मन अजून चोखोबाच्या समाधीपाशीच होते. तिथे डोके टेकवताना तुला काय झाले, असे मी मित्राला विचारले, आणि तो काळोख पडेपर्यंत सांगत राहिला.