कलावंताच्या पाठीशी सुरक्षित अंतरावरून कसं उभं राहावं

ओळखीतल्या एका तरुण व्यंगचित्रकारावर नुकताच गुन्हा दाखल झाला. त्याच्या बाजूनं चार ओळींचं पत्रक काढायचं म्हणून मी दादरपासून पार्ल्यापर्यंतच्या सुसंस्कृत मंडळींना फोन लावत बसलो. त्या फोनांतून जे शिकायला मिळालं, ते तुमच्याही कामी येईल.

सुरुवातीलाच म्हणा, "मनानं मी तुमच्याबरोबर आहे." मनावर समन्स बजावता येत नाही. सही मात्र टाळा.

मसुदा मागवून घ्या. त्यात 'निषेध' असेल तर 'चिंता' करायला सांगा, 'चिंता' असेल तर 'नम्र विनंती'. एवढ्यात आठवडा निघतो आणि बातमी शिळी होते.

चित्र बघू नका. बघितलंत तर मत द्यावं लागेल.

अनुदानाची फाईल अडकली असेल तर तसं बोलू नका. तब्येतीचं सांगा. (व्यासपीठावर अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर तासभर बोलणाऱ्या एका ज्येष्ठांचं बीपी माझा फोन येताच वाढलं.)

आणि हे तर विसरूच नका: "पण त्यानंही जरा तारतम्य बाळगायला हवं होतं." फार टिकाऊ वाक्य आहे. 1954 साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रांवरून चित्रकार अकबर पदमसींवर अश्लीलतेचा खटला भरला, तेव्हाही कुणीतरी ते म्हटलं असणारच. पदमसी सुटले. पुढे त्यांची आणि चित्रकार एफ. एन. सूझांची चित्रं मुंबईच्या कस्टमनं अश्लील म्हणून अडकवली, आणि प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं हे 2024 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. सत्तर वर्षांत या शहरानं समुद्रावर पूल बांधले, पण एवढं काही डोक्यात शिरलं नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 1962 च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली, सर्वोच्च न्यायालयात निर्दोष ठरायला 1969 उजाडलं. 'सखाराम बाइंडर' नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले. वसंत दत्तात्रय गुर्जरांची 'गांधी मला भेटला' ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या मासिकात छापली गेली 1994 मध्ये. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माफी मागितलेल्या प्रकाशकाला सोडलं आणि कवीला खटल्याला सामोरं जायला सांगितलं. एकवीस वर्षं, एका कवितेपायी! तारतम्य कुणी बाळगायचं होतं हो? कवीनं? की तक्रार ठोकून घरी जाऊन जेवणाऱ्यानं? निकाल लागेपर्यंत माणसाची उमेद संपते, कामं सुटतात, दिवाळी अंकवाले फोन उचलत नाहीत. शिक्षा व्हायची गरजच उरत नाही! या पोराचा फोन आणि लॅपटॉप पोलिसांकडे आहे. म्हणजे त्याचं पोट पोलिसांकडे आहे. लावलंय न्याय संहितेचं कलम 299, म्हणजे जुनं 295-अ, धार्मिक भावना मुद्दाम दुखावल्याचं. अजामीनपात्र. त्याची आई पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होती, आणि तुम्ही मला रेषेतल्या संयमाबद्दल ऐकवत होतात.

सोशल मीडियावर मेणबत्तीचं चित्र टाका. तेही चोवीस तासांत आपोआप जाणारं.

बरं, पुरे झाले सल्ले. तुम्हाला चित्र आवडलं का, हे मी विचारलंच नव्हतं. मलाही ते फारसं जमलेलं वाटलं नाही. म्हणून काय त्यानं तुरुंगात जायचं? असीम त्रिवेदींना 2012 मध्ये याच मुंबईत व्यंगचित्रांवरून राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली, तेव्हा एक वकील आपणहून जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेला आणि जामीन मिळाला. लाज वाटू द्या थोडी. शाळेच्या पुस्तकात टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला वाचून छाती फुगवता, आणि शेजारच्या मुलासाठी नाव लिहिताना पेन सापडत नाही तुम्हाला!

सोमवारी त्याच्या जामिनाची सुनावणी आहे. पत्रक गेलं खड्ड्यात. झाला जामीन, तर जामीनदार लागेल. रेशनकार्ड आणि पगाराची स्लिप घेऊन अकराच्या आत कोर्टात या.